स्वरांची गाळणी

मराठीत ‘स्वर’ हा एकच शब्द दोन घरी नांदतो. गवयाच्या घरी तो षड्जापासून निषादापर्यंतच्या सात स्थानांचे नाव आहे. वैयाकरणाच्या घरी तो अ, आ, इ, ई यांचे नाव आहे. दोन्ही घरे इतकी शेजारी आहेत की आपण क्वचितच त्यांच्यातली भिंत न्याहाळून पाहतो. गवई एकाच षड्जावर आकार लावतो, मग इकार, मग उकार. त्याचा स्वर बदलत नाही, वैयाकरणाचा बदलतो. उलट तोच आकार धरून तो सातही स्थाने चढून जातो, तेव्हा वैयाकरणाचा स्वर जागचा हलत नाही. म्हणजे कंठातून निघणाऱ्या त्या एकाच नादात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. त्या वेगळ्या करून दाखवता येतील काय, हा प्रश्न आम्हां दोघांना काही वर्षे छळत होता. तो सोडवण्यासाठी आम्ही संगणकावर एक यंत्र रचले. त्या यंत्राची ही हकीकत. पण खरे पाहता ती यंत्रापेक्षा वर्णमालेची हकीकत अधिक आहे.

आम्ही दोघेही म्हसळ्यात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचे घर घाटावर, दुसरीचे इथून तीन कोसांवरच्या वाडीत. संगणकशास्त्राशी आमचा संबंध निकालपत्रके भरण्यापुरता. तरीही भाषाविज्ञानाच्या पेपरात स्वनविचार शिकवायचा म्हणजे दरवर्षी फळ्यावर मुखाची आकृती काढावी लागते: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक काढतात. त्या आकृतीला कधी आवाज मात्र फुटत नाही. तो फुटावा, एवढीच आमची प्रारंभीची इच्छा होती. सुदैवाने त्यासाठी लागणारी साधने फुकट मिळतात. मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात लिहिलेली ‘प्युअर डेटा’ ही आज्ञावली घेतली, तर पडद्यावर लहान लहान चौकटी काढून आणि त्या रेघांनी जोडून नाद निर्माण करता येतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांची ‘प्राट’ ही आज्ञावली ध्वनिमुद्रित बोलण्याचे मोजमाप करून देते. पावसाळ्यात वीज असेल तेव्हा, वीज नसेल तेव्हा लॅपटॉपच्या उरलेल्या दमावर, आम्ही कामाला लागलो.

तत्त्व असे आहे. कंठातील स्वरतंतू कंप पावतात, तेव्हा निघणारा मूळ आवाज आ नसतो, इ नसतो. ती एक प्रकारची भुणभुण असते. तिच्यात मूळ कंपनाच्या पटीतले असंख्य उपस्वर एकत्र असतात: सेकंदाला १२० कंपने असतील तर २४०, ३६०, ४८० असे वर वर चढत जाणारे. ही भुणभुण घसा, तोंड आणि ओठ यांनी बनलेल्या पोकळीतून बाहेर येते. ती पोकळी काही उपस्वरांना उचलून धरते, काहींना दाबून टाकते. जिथे उचलते त्या जागांना फॉर्मंट म्हणतात. जीभ वरखाली, मागेपुढे झाली की पोकळीचा आकार बदलतो, फॉर्मंटच्या जागा सरकतात, आणि आपल्या कानाला आ ऐवजी इ ऐकू येते. थोडक्यात, गवयाचा स्वर उगमात असतो आणि वैयाकरणाचा स्वर गाळणीत. सिंथेसायझरमध्ये करायचे तेही एवढेच. करवतीच्या दातांसारख्या आकाराची एक लहर घ्यायची, कारण तिच्यात सगळे उपस्वर भरपूर असतात. ती तीन ते पाच फिल्टरांतून समांतर पाठवायची, प्रत्येक फिल्टरला त्याची जागा, रुंदी आणि जोर ठरवून द्यायचा, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची.

‘सीसाउंड’ या मुक्त आज्ञावलीच्या पुस्तिकेत यासाठी एक तयार तक्ता आहे. खर्जातल्या पुरुषी गळ्याचा आ हवा असेल तर पहिले तीन फॉर्मंट ६००, १०४० आणि २२५० हर्ट्झवर ठेवा, त्यांची रुंदी ६०, ७० आणि ११० ठेवा, दुसरा पहिल्यापेक्षा ७ डेसिबलने आणि तिसरा ९ डेसिबलने खाली ठेवा, असे तो सांगतो. रुंदी फार कमी केली तर फिल्टर घंटेसारखा वाजू लागतो. फार वाढवली तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून गिळगिळीत होतात. आकडे नीट बसले की मात्र त्या निर्जीव भुणभुणीतून एकाएकी कोणीतरी ‘आ’ म्हणते. ते पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, हे येथे नमूद करायला हरकत नाही.

हा काटा फार जुना आहे. १७७९ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने पाच स्वरांमधला भेद शोधून ते उच्चारणारे साधन बनवण्यासाठी बक्षीस जाहीर केले होते. क्रात्झेनश्टाइन या विद्वानाने वेगवेगळ्या आकारांच्या पाच नळ्या करून ते जिंकले. केंपेलेनने १७९१ साली आपल्या बोलत्या यंत्रावर ग्रंथ लिहिला. त्या यंत्रात भाता हे फुप्फुस होते, आणि कारागिराचा हात तोंडाचे काम करी. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांचा ‘व्होडर’ पियानोसारख्या पट्ट्या दाबून बोलवला जात असे. १९८० साली डेनिस क्लॅट यांनी संगणकावर फॉर्मंटांनी बोलणाऱ्या यंत्राचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. स्टीफन हॉकिंग यांचा जगाला परिचित झालेला आवाज त्याच वंशातला, आणि मुळात खुद्द क्लॅट यांच्या आवाजावरून घडवलेला. पुढे अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. यंत्राचा म्हणून मिळालेला आवाज माणसाची ओळख बनू शकतो, हे वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावे. त्याकडे आपल्याला पुन्हा वळायचे आहे.

सीसाउंडच्या त्या तक्त्यात पाच जातींच्या गळ्यांचे आकडे आहेत: सोप्रानो, आल्टो, काउंटरटेनर, टेनर आणि बास. प्रत्येकाचे स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. तक्ता युरोपीय गायनाच्या परंपरेतला आहे हे त्याच्या नावांवरूनच दिसते. मराठीत ज्याच्यावाचून एक वाक्यही पुढे सरकत नाही, तो अ त्या तक्त्यात नाही. क, ख, ग यांच्या पोटात जो न लिहिता बसलेला असतो, ज्याला स्वतःची मात्रा नाही, काना नाही, वेलांटी नाही, तो अ आम्हांला दुसरीकडे शोधावा लागला.

तो सापडला म्हसळ्याच्या बाजारातल्या नळाच्या सामानाच्या दुकानात. स्वनविज्ञानाची पुस्तके सांगतात की पुरुषाच्या कंठापासून ओठांपर्यंतचे अंतर सुमारे साडेसतरा सेंटिमीटर असते. कुठेही न चेपलेली, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी एवढ्या लांबीची नळी घेतली, तर तिचे अनुनाद ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झवर पडतात. हा हिशेब ध्वनीचा वेग माहीत असलेल्या कोणालाही कागदावर करता येतो. आम्ही पीव्हीसीच्या पाइपचा सात इंचांचा तुकडा कापून आणला, जत्रेत मिळणाऱ्या पिपाणीची जिभली त्याच्या एका टोकाला घट्ट बसवली आणि फुंकली. खरखरीत का होईना, पण वर्गातल्या सर्वांनी ओळखावा असा अ वाजला. मग तेच तीन आकडे संगणकात घातले, तेथेही अ. ज्या स्वराला लिपीत आकार नाही, तो स्वर म्हणजे आकार न दिलेल्या नळीचा आवाज! लिपी घडवणाऱ्यांच्या मनात हा हिशेब नव्हता, हे उघड आहे. तरीही सगळे स्वर मात्रा लावून दाखवायचे आणि एकाला मात्रेवाचून सोडायचे, तर तो अ असावा हे किती रास्त होते, याचा प्रत्यय पाइपच्या एका तुकड्याने दिला.

यानंतर प्रश्न आला तो गाळणीवर किती स्वरांची घरे आखायची हा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत मानाने घेतले आणि स्वरांची संख्या चौदा केली. आम्ही चौदा घरे आखून कामाला लागलो. ऋ आणि ऌ आधी गळले, कारण मराठी तोंडात त्यांच्यासोबत र आणि ल ही व्यंजने येतात; निखळ गाळणीचे ते काम नव्हे. ऐ आणि औ यांना घर मिळेना, कारण ते मुक्काम नाहीत, प्रवास आहेत. अ वरून इ कडे सरकत गेले की ऐ, अ वरून उ कडे सरकत गेले की औ. मूठ थांबली की ते नाहीसे होतात. व्याकरणात त्यांना संयुक्त स्वर म्हणतात ते का, हे मूठ फिरवताना जितके स्पष्ट कळते तितके व्याख्येवरून कळत नाही. राहिले ई आणि ऊ. त्यांची घरे इ आणि उ यांच्या घरांशेजारी आखायला गेलो, तर मराठी माणसांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांच्यासाठी वेगळी जागाच सापडेना. ‘फूल’ मधला ऊ आणि ‘फुले’ मधला उ यांचा फरक गाळणीत नव्हता, घड्याळात होता. दीर्घ हा वेगळा स्वर नसून तोच स्वर अधिक वेळ. चौदातून सहा गेले, आठ उरले: अ, आ, इ, उ, ए, ओ, ॲ, ऑ.

या आठांमधल्या मोकळ्या जागेत मूठ फिरवताना आम्हांला जे दिसले, ते प्रत्येक मराठीच्या शिक्षकाला सांगण्यासारखे आहे. १९५२ साली पीटरसन आणि बार्नी या दोन संशोधकांनी अमेरिकेत ७६ माणसांचे इंग्रजी स्वर मोजले. त्यातील पुरुषांचे सरासरी आकडे घेऊ. आ साठी पहिले दोन फॉर्मंट ७३० आणि १०९०. इ साठी २७० आणि २२९०. या दोहोंचा बरोबर मध्य काढला तर ५०० आणि १६९० येतो. तेथे मूठ ठेवा: ए च्या कुळातला स्वर वाजतो. उ साठी आकडे ३०० आणि ८७० आहेत. आ आणि उ यांचा मध्य ५१५ आणि ९८०. तेथे ओ च्या कुळातला स्वर वाजतो. महा आणि ईश यांचा महेश, महा आणि उत्सव यांचा महोत्सव! शाळेत जो गुणादेश पाठ करून घेतला जातो, तो मुठीखाली एक सरळ रेघ होऊन उभा राहतो. आता इ आणि उ यांचा मध्य काढून पाहा: २८५ आणि १५८०. तेथे जो आवाज वाजतो त्याला मराठीत नाव नाही, संस्कृतातही नाही. आणि संधीचे नियम काय सांगतात? इ पुढे उ आला तर मधला स्वर होत नाही. इ चा य् होतो. प्रति आणि उत्तर यांचे प्रत्युत्तर. मध्ये वस्ती नसल्यामुळे भाषा तेथे मुक्काम करत नाही, उडी मारून पलीकडे जाते. आकडे अमेरिकन आहेत आणि संधी संस्कृत आहे, तेव्हा याला सिद्धता म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ए आणि ओ यांच्या ऐतिहासिक जडणघडणीची कथाही निराळी आहे. परंतु संधी ही पाठांतराची शिक्षा नसून तोंडाच्या भूगोलाची नोंद आहे, एवढे वर्गाला पटवायला हा नकाशा पुरेसा आहे.

मात्र नकाशा कोणाच्या तोंडाचा, हा प्रश्न यानंतर टाळता येत नाही. पुस्तकातल्या आकड्यांवर वाजवलेला आमचा आ ऐकून मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हा इथला नाय वाटत, बोटीतनं उतरलेला वाटतो.” वर्ग हसला, पण शेरा अचूक होता. पीटरसन आणि बार्नी यांच्याच तक्त्यात पुरुषांचा आ ७३० आणि १०९० वर आहे, स्त्रियांचा ८५० आणि १२२० वर, मुलांचा १०३० आणि १३७० वर. एकाच घरातली आजी, मुलगा आणि नातू ‘आ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजातला एकही आकडा जुळत नाही, आणि तरी तिघांनाही तो एकच स्वर वाटतो. कान आकडे मोजत नाही. तो बोलणाऱ्याचे इतर स्वर ऐकतो आणि त्यांच्यामध्ये हा कुठे बसतो ते पाहतो. गाळणीला मात्र आकडाच द्यावा लागतो. आकडा दिला की कोणाचे तरी तोंड निवडले जाते. ‘सर्वसामान्य आ’ नावाची वस्तू जगात नाही.

म्हणून आम्ही म्हसळ्याची तोंडे गोळा करायला निघालो. हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. खाडी, डोंगर आणि बंदर यांमुळे येथे एकाच आठवडी बाजारात कितीतरी बोली एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात: कुणबी वाड्यांची, कोळीवाड्याची, कोकणी मुसलमान मोहल्ल्याची, शिवाय मुंबईला जाऊन परत आलेल्या चाकरमान्यांची. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठी बोलींची जी पाहणी केली, तिच्यातील एक ग्रंथ शेजारच्या महाडच्या कुणबी बोलीवर आहे. तेव्हा या मुलखातले तोंड अभ्यासाच्या योग्यतेचे आहे, हे ठरवणारे आम्ही काही पहिले नव्हेत. विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन मोबाइलवर आवाज मुद्रित केले. एका मुलीच्या आजीने विचारले, “माजा आवाज घेऊन काय करशील गो बाय?” मुलगी म्हणाली, “संगणकाला शिकवीन.” आजी म्हणाली, “मग नीट बोलतंय हां,” आणि आवाज बदलून, पुस्तकी मराठीत बोलू लागली. ती मुलगी ते ध्वनिमुद्रण घेऊन आली तेव्हा गोंधळलेली होती. आम्हांला मात्र आमच्या सगळ्या उद्योगाचे मर्म त्या एका वाक्यात सापडले. ‘नीट’ म्हणजे स्वतःचे नव्हे ते, हे त्या आजीला कोणी शिकवले?

सानुनासिक स्वरांची गोष्ट याच जातीची. कोकणातला माणूस नाकात बोलतो, ही चेष्टा घाटावर इतकी रुळलेली आहे की आमच्या वर्गातली काही मुले मुलाखतीला जाण्याआधी आपला नाद पुसायला शिकतात. गाळणीत नाक बसवायला गेलो तेव्हा कळले की ते सर्वांत अवघड काम आहे. नाकाची पोकळी उघडली की एक नवा अनुनाद तर मिळतोच, शिवाय मधली एक जागा शोषली जाते. तेथला आवाज गाळणीने वाढवायचा नसतो, खाऊन टाकायचा असतो. क्लॅट यांच्या आराखड्यात नाकासाठी एक अनुनाद आणि एक प्रति-अनुनाद स्वतंत्रपणे ठेवलेले आहेत. आमच्या साध्या समांतर फिल्टरांत त्यासाठी एक वेगळी चौकट जोडावी लागली. ज्याला आपण उच्चाराचा दोष म्हणून हसतो, ते यंत्राच्या दृष्टीने अधिकचे कौशल्य आहे. हे वर्गात सांगितल्यावर एक मुलगा आपले नाव पुन्हा, मोठ्याने, पुरेपूर नाकातून म्हणाला. त्या दिवशी कोणी हसले नाही.

आता ह्रस्वदीर्घाकडे येऊ, कारण गुण तेथेच जातात. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत यांची व्याख्या काळावरून केली आहे. परंपरा त्यासाठी कोंबड्याच्या आरवण्याचा दाखला देते, आणि तो पुरावा म्हसळ्यात रोज पहाटे फुकट मिळतो. छंदःशास्त्रात मात्रा म्हणजे काळच. मराठीत मात्र इ-उ यांचा काळ बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरतो: गरीब पण गरिबी, धूर पण धुरात, फूल पण फुलाचा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले. त्यांनी ‘कवि’ चा ‘कवी’ केला, तेव्हा कोणाही मराठी माणसाच्या तोंडात तसूभर बदल झाला नाही. लेखणीच तोंडाजवळ सरकली. त्याच नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पण ‘केलं’, ‘झालं’, ‘घरं’ यांवरचा टिंब बोलण्यातली भाषा लिहिताना राहिला. तो टिंब नाकाचा नाही. आमच्या गाळणीत ‘केलं’ चा शेवट वाजवायला नाकाची चौकट लागत नाही. अ चे घर आणि थोडा जास्त वेळ एवढेच लागते. दीर्घ अ साठी वर्णमालेत अक्षर नाही, म्हणून भाषेने रिकाम्या पडलेल्या टिंबाला त्या कामाला लावले! असा काटकसरीचा संसार फक्त जिवंत भाषाच करू जाणे.

यावरून शुद्धलेखन निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. लिहिण्यात एकवाक्यता हवी. गडचिरोलीच्या मुलीने लिहिलेले म्हसळ्याच्या मुलाला अडखळल्याविना वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी वेलांटी कोणती द्यायची हा करार पाळावाच लागतो. आमचे म्हणणे एवढेच की तो करार आहे, तोंडाचा आरसा नव्हे. ‘शुद्ध लिही’ आणि ‘शुद्ध बोल’ ही दोन वाक्ये आपल्याकडे एकाच दमात उच्चारली जातात. पहिल्याला नियमाचा आधार आहे. दुसऱ्याला कोणत्याही नियमाचा आधार नाही. त्यामागे उभे असते ते विशिष्ट शहरातले, विशिष्ट घरांतले तोंड. वेलांटी चुकली म्हणून गुण कमी झालेले मूल आपले बोलणेच अशुद्ध आहे असे समजून गप्प बसते, तेव्हा नुकसान अर्ध्या गुणाचे नसते. वाङ्मयाच्या वर्गात ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

याला यंत्राची बाजू आहे ती अशी. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. तो संगणकावर ‘एनव्हीडीए’ या मोफत वाचक आज्ञावलीतून मराठी ऐकतो. तिच्यासोबत मिळणारे ‘ईस्पीक’ हे बोलते यंत्र मुख्यत्वे याच फॉर्मंटांच्या तत्त्वावर चालते. म्हणूनच ते इतके लहान आहे की शंभराहून अधिक भाषा, त्यांत मराठी, एका जुन्या संगणकावर सहज मावतात. आवाज रुक्ष आहे. पण वेग कितीही वाढवला तरी स्वर स्पष्ट राहतात, असे तो विद्यार्थी सांगतो, आणि आपण ज्या वेगाने डोळ्यांनी वाचतो त्याहून अधिक वेगाने तो कानांनी वाचतो. त्याच्यासाठी मराठी वाङ्मयाचा आवाज हाच आहे. कादंबरी त्याच आवाजात, ओवी त्याच आवाजात. आमच्या गाळणीत म्हसळ्याच्या ध्वनिमुद्रणांवरून बसवलेले स्वर त्याने एकदा लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “यात माझ्या आईसारखा आ करता येईल का?” तांत्रिक उत्तर होकारार्थी आहे: तीन जागा, तीन रुंद्या, तीन जोर. त्या प्रश्नामुळे आमच्या गाळणीतली घरांची नावे बदलली. आधी ती ‘प्रमाण’, ‘बोली १’, ‘बोली २’ अशी होती. आता कोणतेही घर प्रमाण नाही. प्रत्येक संच ज्याच्या तोंडावरून घेतला त्याच्या गावाच्या आणि वयाच्या नावाने ठेवला आहे.

गाळणीला स्वतःची मर्यादाही आहे, आणि ती गाण्याची आवड असणाऱ्यांना रुचेल. मूळ स्वर चढवत चढवत तारसप्तकात ७०० हर्ट्झच्या पलीकडे नेला की उपस्वर एकमेकांपासून इतके दूर जातात की इ आणि उ यांच्या पहिल्या फॉर्मंटजवळ उचलायला काही उरतच नाही. मग दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. उंच पट्टीतल्या गायिकेचे शब्द कळत नाहीत, ही श्रोत्यांची जुनी तक्रार. पुष्कळदा तिथे गायिकेचा आळस नसून निसर्गाची अडचण असते. प्रारंभी ज्या दोन घरांमधली भिंत आम्ही शोधत होतो, ती येथे ढासळते: गवयाचा स्वर फार वर गेला की वैयाकरणाचा स्वर त्यात विरघळतो. म्हणून कवितेचे गाणे करणाऱ्याने कोणता शब्द कोणत्या उंचीवर ठेवावा, हा केवळ रुचीचा प्रश्न उरत नाही.

पाणिनीच्या अष्टाध्यायीचे शेवटचे सूत्र या सगळ्या विचारात आम्हांला वारंवार आठवत राहिले. प्रत्यक्ष बोलण्यात ह्रस्व अ हा संवृत, आ विवृत; म्हणजे त्यांच्यात केवळ काळाचा नव्हे, गाळणीचाही भेद. पण अ आणि आ सवर्ण मानल्याखेरीज नियम सुटसुटीत होत नाहीत. म्हणून सगळ्या ग्रंथभर अ विवृत आहे असे धरून चालले, आणि अगदी अखेरच्या सूत्रात, सर्व काम आटोपल्यावर, अ ला त्याचे संवृतपण परत केले. सुमारे चार हजार सूत्रांची इमारत उभी करणाऱ्या माणसाने शेवटचा शब्द बोलणाऱ्याच्या तोंडाला दिला! शास्त्राला सोयीचे गृहीतक करावेच लागते. गाळणीला आकडा द्यावाच लागतो. परीक्षकाला एक वेलांटी बरोबर धरावीच लागते. सोय संपल्यावर तोंडाला त्याचे जे आहे ते परत करायचे असते, ही सभ्यता त्या सूत्रात आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांत पहिला भाग निष्ठेने शिकवला जातो. शेवटचे सूत्र अभ्यासक्रमाबाहेर राहते.

ज्या सहकाऱ्यांच्या महाविद्यालयात एखादा जुना संगणक आणि दोन उत्साही विद्यार्थी असतील त्यांनी हा उद्योग अवश्य करून पाहावा. आठ घरांची गाळणी एका दुपारी उभी राहते. तिच्यात आपल्या तालुक्याची तोंडे भरायला मात्र एक वर्षही अपुरे पडते, आणि तेच खरे काम आहे. पहिल्या दिवशी नातीला ‘नीट’ ऐकवणाऱ्या त्या आजीकडे मुलगी आणखी तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला आजी मोबाइल विसरून शेजारणीशी भांडत होती. भाताच्या खाचराच्या बांधावरून भांडण होते. तो मजकूर आम्ही सोयीस्करपणे पुसला. त्यातले स्वर ठेवले आहेत.